पदराची शेवटची गाठ

सकाळी चूल पेटवायच्या आधी देवकाबाई पदराच्या टोकाला दिवसभराच्या कामांच्या गाठी मारून घ्यायची. एक वांग्यांना पाणी सोडायची, एक नेरडीगोंड्याच्या बाजाराची, एक नवऱ्याच्या गोळ्यांची. शेवटची तेवढी तिची स्वतःची, बेज्जूरला बहिणीकडे जाऊन यायची. काम झालं की गाठ सुटायची. बेज्जूर काही परदेशात नाही, पण बाकीच्या गाठी सुटेपर्यंत दिवसच मावळायचा. मग दुसऱ्या दिवशी धुतल्या लुगड्याच्या पदराला ती गाठ पुन्हा पडायची.

आजही बाजारातून आल्यावर तिनं टोपली उतरवली आणि भिंतीला पाठ टेकून एकेक गाठ सोडत बसली. शेवटच्या गाठीशी बोटं थांबली. चहा घेऊन आलेल्या सुनेला, सुवर्णाला, राहवलं नाही.

"आत्याबाई, बेज्जूरच्या मावशी तं पोळ्यालेच वारल्या. मंग ही गाठ काऊन मारून राह्यल्या तुमी?"

देवकाबाईनं चहाचा घोट घेतला. सैल झालेली गाठ ओढून घट्ट केली.

"बाकी समद्या तुमच्या हायेत व बाई. एक तं माही राहू दे."