बॉलपेनची रेघ

"तू फक्त चहाचं बघ," धारप सर संशोधनाची पाहणी करायला आलेल्या समितीसमोर मला म्हणाले. करवंदाच्या अर्कातली स्टेरॉल्स वेगळी करायची पद्धत मी तीन वर्षं खपून बसवली होती. शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यावर नाव एकट्या सरांचं होतं.

समितीच्या बाईंना ती पद्धत डोळ्यांनी बघायची होती. सरांनी अर्कातले घटक वेगळे करायची सिलिकाची पांढरी पट्टी पुढे ओढली. पट्टीशेजारी मी नेहमी पेन्सिल ठेवते. आज ती माझ्या एप्रनच्या खिशात होती. सरांनी ऐटीत आपलं बॉलपेन काढलं, तळाशी निळी रेघ ओढली आणि तिच्यावर अर्काचे थेंब दिले.

शाई द्रावकाबरोबर वर चढते, म्हणून रेघ पेन्सिलीनेच मारायची, हे आम्ही बीएस्सीच्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. सर दहा वर्षांत प्रयोगशाळेत फिरकले नव्हते. मी कपबशा मांडल्या.

पट्टी द्रावकात उभी राहिली आणि रेघेतून निळे ओघळ वर सरकू लागले. बाईंनी चष्मा लावला.

"डॉक्टर, करवंदात हे निळं काय असतं?"

सर माझ्याकडे वळले.

"साखर किती घालू, सर?" मी विचारलं.