घरातलं उदाहरण

"सिंगलटन म्हणजे कुठूनही, कितीदाही मागा, नवा ऑब्जेक्ट बनत नाही. पहिल्यांदा बनला तोच पुन्हा हातात येतो," आदिलाबादच्या कॉलेजात प्रतिभा प्रोग्रॅमिंग शिकवत होती.

"मॅडम, घरातलं एखादं उदाहरण सांगा ना," चंदा म्हणाली.

"उद्या सांगते," म्हणून प्रतिभानं वेळ मारून नेली.

संध्याकाळी चंदानं हट्टानं तिला बाजारहत्नूरला आपल्या घरी चहाला नेलं. आजी रेणुकाबाईंनी खुर्ची पुढं केली, तोंडभरून कौतुक केलं. मग सहज विचारलं, "मॅडम, तुमी कोनाच्या?"

"इथल्याच सखूबाईची मुलगी. आई तुमच्याच वावरात कापूस वेचायची."

"आमच्या सखूची पोरगी होय का व तू!" रेणुकाबाईंचा चेहरा फुलला. मग त्यांनी आत आवाज दिला, "चंदे, तो कप राहू दे. ओसरीच्या कोनाड्यातला आन."

कप आला. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. आई याच घरी, अंगणात बसून, यातूनच चहा प्यायची.



उद्या वर्गात सांगायचं उदाहरण प्रतिभाच्या हातात वाफाळत होतं.