खोबरेल

आठ दिवस झाले, तानुबाई रोज दीपकच्या डोक्यावर खोबरेल चोळत होती. आजही जेवण झाल्यावर तिने त्याला ओट्यावर पुढ्यात बसवलं, बाटली उघडली आणि तेलाबरोबर तोंडही सुरू केलं.

"माय जित्ती शे नि लेक डोकं भादरी येस. मास्तर व्हयना, पन अक्कल नही उनी."

दीपक मान खाली घालून हसला. त्याच्या वर्गातल्या दीपमालाचे केस औषधांनी गेले होते आणि उपचाराला पैसे कमी पडत होते. पोरांनी गावभर सांगितलं, तुम्ही मदतीचा डबा भरा, आमचे सर टक्कल करतील. गावाने डबा भरला. शाळेच्या पटांगणात सगळ्यांसमोर दीपकचे केस उतरले, आणि दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या दवाखान्यात जाऊन तो पैसे पोरीच्या बापाच्या हातात देऊन आला.

धर्माचं काम होतं, हे तानुबाईला का कळत नव्हतं? डब्यात तिचीही नोट होती. पण केस उतरवायचे ते आईबाप गेल्यावर, हे तिच्या हाडात मुरलेलं. लेकाचं तुळतुळीत डोकं दिसलं की आपणच भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसलोय असं तिला वाटायचं. तेलाने केस लवकर येतात, म्हणून हा रतीब.

फाटक वाजलं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस आत आला आणि अंगणात मधेच थबकला. त्याने आधी दीपकच्या डोक्याकडे पाहिलं, मग त्या डोक्यावरच्या हाताकडे, मग तानुबाईकडे. ओट्याच्या पायरीवर तो मटकन बसला.

"कोन शे?" तिने विचारलं. विचारता विचारताच तिला कळलं.

"माय," तो म्हणाला.

नवल. तिचा थोरला. नऊ वर्षांपूर्वी वाटणीच्या भांडणात "आते तुनी मातीलेच येसू" म्हणत याच फाटकातून गेलेला. नशिराबादला हायवेवर त्याचं टायरचं दुकान होतं, दोन पोरं होती. त्या नातवंडांची नावंसुद्धा तिला परक्यांकडून कळली होती. एसटीने अडीच तासांची वाट, पण ती कुणालाच चालता आली नव्हती.

टॉवेल घसरला तशी तानुबाईच्या हातातली बाटली कलंडली. नवलचेही केस नुकतेच उतरवलेले होते. कानाच्या वर वस्तरा लागून रक्त सुकलं होतं.

"दीपकसंगे शिकेल झुलालनी त्याले धुळाना स्टँडवर देखं," तो कसाबसा म्हणाला. "बोडका. काल दुकानवर ईसन सांगं त्यानी. मी समजनू, दसवं बी व्हई गयं, नि माले कोनी सांगं बी नही."

"फोन करना व्हता ना, भाऊ," दीपक म्हणाला.

"कोनतं तोंड लई करू?"

येताना चोपड्याच्या स्टँडजवळ नवल न्हाव्यापुढे बसला होता. न्हाव्याने विचारलं, कोण गेलं? माय, एवढंच त्याच्या तोंडून निघालं होतं.

या लेकासाठी तानुबाईने नऊ वर्षं शिव्या साठवून ठेवल्या होत्या. आता त्यातली एकही सापडेना. बोलल्या शब्दाला जागला होता पठ्ठ्या, अगदी मातीलाच आला होता. पण आला होता. त्या डोक्याला हात लावायची तिला अशी काही ओढ लागली की दीपकला तिने गुडघ्याने बाजूला सारलं. तिने नवलच्या डोक्यावर तळवा ठेवला. जावळ काढलं त्या दिवशी लागलं होतं, तसंच ते हाताला लागलं.

"मी जित्ती शे ना रे," ती म्हणाली.

नवल तिच्या मांडीत तोंड खुपसून रडला. दीपकच्या बायकोने, सारिकाने, पाणी आणलं. पाणी पिऊन, तोंड पुसून झाल्यावर मात्र त्याला लाज आठवली. मातीला आलेल्या माणसाने जित्या आईच्या घरात बसावं तरी कसं, ते त्याला कळेना. तो उठला.

"जासू मी, माय. पाच वाजानी गाडी शे. तुले देखं, बस."

ही गाडी गेली की पुन्हा नऊ वर्षं, आणि तेवढी आता तानुबाईपाशी नव्हती.

"बोडका डोकानी जाशी?" ती एकदम करड्या आवाजात म्हणाली. "माय जित्ती शे, नि नशिराबादमा लोके काय म्हनतीन? केस येतस तवलोंग आठेच, या घरमाच ऱ्हाय."

दीपकने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "मी त आठ दिन पासून बठ्ठा गावमा फिरी ऱ्हायनू. माले नही आडावं तू."

"तू रोज घर येस," तानुबाई म्हणाली.

दीपकने पायरीवरच्या भावाच्या चपला उचलल्या आणि आत नेऊन ठेवल्या. नवल उभाच होता. मग तो हळूच पुन्हा पायरीवर बसला.

सारिकाला त्याच्या कानावरची जखम दिसली. "आत्याबाई, भाऊले वस्तरा लागना. तेल लावा ना थोडं."

तानुबाईने कलंडलेली बाटली उचलली, बूच घट्ट लावलं आणि ती आपल्या पाठीमागे सरकवली.

"मसालाना डबामाईन हयद आन जराशी," ती म्हणाली. "तेल नको."