लुगड्याची पट्टी

पुरावा म्हणून टेबलावर लुगड्याची एक पट्टी ठेवली होती. बालकल्याण समितीच्या अध्यक्षांनी मेलेली पाल उचलावी तशी ती पेनच्या टोकाने उचलली. "दोन वर्षांच्या पोरीला हिने दिवसभर खांबाला बांधून ठेवलं. मी स्वतः पाहिलं. मुलीला बालगृहात पाठवू या."

बांधकामावर विटा वाहणारी द्रौपदा मुलीला छातीशी घट्ट धरून उभी होती. "लिफ्टचा खड्डा हाय तिथं, साहेब. सोडली तर जाईल की त्यात."

बालहक्कांवर आयुष्यभर व्याख्याने देत आलेल्या समिती-सदस्य डॉ. केळुसकरबाईंनी पट्टी हातात घेतली. धुऊन धुऊन ती मऊ झाली होती आणि पायात अडकवायच्या टोकाला आतून कापसाची घडी शिवलेली होती. क्रौर्याने घातलेली इतकी नाजूक टीप त्यांना कुठल्याच ग्रंथात आढळली नव्हती.

"अध्यक्षमहाराज, हा खांब कोणत्या इमारतीचा?"

अध्यक्षांनी घसा खाकरला. "शेजारच्या... आपल्या नव्या बालभवनाचा."

"म्हणजे बालकांच्या रक्षणासाठी आपण वास्तू उभारतो, तिथल्या मजुरांच्या मुलांना पाळणाघर देत नाही आणि शिक्षा मात्र आईला करतो." त्यांचा आवाज जराही चढला नाही. "मुलगी आईकडेच राहील. उद्यापासून पाळणाघर या खोलीत भरेल. बैठका आपण खड्ड्याशेजारी घेऊ."

सदस्यांचे हात एकेक करून वर गेले. सर्वांत शेवटी अध्यक्षांचा.

दारापर्यंत गेलेली द्रौपदा परत फिरली. "मॅडम, ती पट्टी द्या की. गालाला लावल्याबिगर झोपत न्हाई ही."