अळणी

चष्मेवाल्यांनी ताट पुढं ओढलं, तर टेबलावर इंजेक्शनचं खोकं. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, भाज्यांच्या पिशव्यांमागं त्यांनी दडवलेलं, तेच. घास हातातच राहिला.

बायको समोर येऊन बसली. "उद्या तुमची सायकलची शर्यत झाली की दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली. "मी रक्तगट तपासून आले. जुळतो आपला."

त्यांना काही उमगेना. मग तिनंच सांगितलं. खोकं तिला महिन्यापूर्वीच सापडलं होतं. औषधवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, किडनी निकामी होत आली की रक्त वाढायला हे देतात. आपल्याला घोर नको म्हणून नवरा एकटाच सोसतोय, असं तिनं गृहीत धरलं आणि त्याच दिवशी स्वयंपाकातलं मीठ बंद केलं.

चष्मेवाले महिनाभर अळणी जेवत होते. एरवी चिमूटभर मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस, पण मनात चोरी होती, म्हणून अवाक्षर काढलं नाही.

"मला काही झालेलं नाही," ते म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. साठीच्या पुढच्यांच्या गटात सायकल ग्रुपमधला सुतार दरवर्षी शेवटच्या चढावर त्यांना मागं टाकतो. या इंजेक्शननं रक्त वाढतं, दम टिकतो. बंदी आहे, पण हौशी म्हाताऱ्यांना तपासतंय कोण? "ग्रुपमधले बरेच जण घेतात गं."

"त्यांच्या बायकाही किडनी द्यायला निघाल्यात का?"

चष्मेवाल्यांची मान खाली गेली. पत्र्याच्या एका पदकासाठी ते चोरून सुया टोचून घेत होते, आणि ही बाई त्यांच्यासाठी पोट चिरून घ्यायला तयार झाली होती. त्यांना रडूच कोसळलं. ती मात्र आधी हसली, मग रडली आणि मग चांगलीच भडकली. महिनाभर उशीत तोंड खुपसून काढलेल्या रात्रींचा सगळा हिशेब तिनं चुकता केला.

शेवटी त्यांनी उठून खोकं कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"उद्या मी उतरत नाही," ते म्हणाले. "अंगात अजून इंजेक्शननं वाढलेलंच रक्त आहे. चढावर उभा राहून सुताराला पाण्याची बाटली देईन. त्यालाही सांगून टाकतो सगळं. पुढच्या वर्षी सुईशिवाय उतरेन, हरलो तर हरलो."

"मी येते चढावर," ती म्हणाली. "तुमचा काय भरवसा, बाटली द्यायची सोडून त्याला ढकलून द्याल."

तिनं वरच्या फळीवरून मिठाची बरणी काढली. झाकण घट्ट बसलं होतं, ते त्यांनी उघडून दिलं. तिनं मीठ आधी स्वतःच्या ताटात घेतलं, भाजीत कालवलं आणि घाईघाईनं पहिला घास तोंडात घातला. तेव्हा कुठं चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं, महिनाभर तीही अळणीच जेवत होती.