खालून वर सरकणारं

ऑस्ट्रेलियातल्या कॉफिन बे या खाडीतली कालवं लोक कच्चीच गिळतात, त्यामुळे टोपलीत मेलेलं एकही चालत नाही. गेल्या आठवड्यात एक सडकी टोपली सुटली आणि लग्नाचं अख्खं वऱ्हाड ओकून ओकून आडवं झालं.

चूक कालवांच्या शेडमध्ये कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ब्रॉन्टीच्या प्रोग्रामची होती. तो टोपल्यांची यादी वरून खाली चाळायचा आणि 'सडकं' अशी नोंद असलेल्या टोपलीची ओळ तिथल्या तिथे पुसायचा. ओळ पुसली की खालची तिच्या जागी सरकायची, आणि प्रोग्राम पुढे गेल्यामुळे ती न तपासताच सुटायची.

"ट्रक उभा आहे, शहाणे!" शेडचा मालक डेस दारातून ओरडला. "आज घाण गेली तर तुलाच खायला घालीन."

"ओरडू नकोस, म्हाताऱ्या. आता शेपटाकडून वर चाळतेय. खाली काही नसेलच, तर सरकेल काय?"

शेवटची टोपली सडकी निघाली आणि पुसली गेली. तिच्या जागी खालून एक ओळ सरकली. तिला नंबर नव्हता, नुसतं 'सडकं' एवढंच लिहिलेलं होतं.

ब्रॉन्टीने बटण दाबून ती पुसली. लगेच दुसरी सरकली. टेबलाखाली चप्प असा आवाज झाला, आणि कुजका वास सुटला.

"झालं का गं?"

तिने तिसरी ओळ पुसली. चपलेतल्या बोटांमधून काहीतरी गार, बुळबुळीत वर आलं आणि घोट्यापाशी थांबलं.

ब्रॉन्टीने बटणावरचा हात झटकन काढला. प्रोग्राम मात्र ओळी पुसतच राहिला.