ख्वातदादाचं जेवण

ख्वातदादा कंबोडियाच्या लढाईत गेला. त्याच्या तिथीला आई सकाळपासून उपाशी असते. फोटोपुढे भात ठेवून मी दोन नाणी उडवतो. एक छापा, एक काटा पडला की दादाचं जेवण झालं; मगच आई जेवते.

यंदा कितीही उडवली तरी दोन्ही छापेच. आईला भोवळ यायला लागली. मी कसला वस्ताद! पायाच्या अंगठ्यानं गुपचूप एक नाणं उलटवलं.

"झालं बघ, आई! ढेकरही दिला त्यानं."

अंगठ्याखाली नाणं वळवळलं आणि परत छापा वर आला.

"तेओ, चाळे पुरे," आई दमून म्हणाली. "पलटणीचा आचारी होता तो. सगळ्यांना वाढल्याशिवाय घास घेतो का कधी?"

घरात आम्ही दोघंच. आणि मागच्या अंगणात एकदम पन्नासेक वाडग्यांवर जेवायच्या काड्या वाजायला लागल्या.